शीर्षकात ‘मराठवाडा’ लिहिलं की ‘मरठवड’ व्हायलंय : फावल्या वेळात लिहिलेलं ब्लॉगचं सॉफ्टवेअर

मोंढ्यातला_टॅलीवाला (लातूर), रात्री ११:४०

राम राम मंडळी. लिहू लिहू म्हणत चार महिने गेले, आज मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद होता म्हणून बसलो एकदाचा. दिवसा मी एका अडत दुकानात टॅली बघतो आणि रात्री जेवण झालं की दोनेक तास ब्लॉगचं एक सॉफ्टवेअर लिहीत बसतो, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, फुकट, कुणी सांगितलं नाही की कुणी पैसे देत नाही. चार वर्षं झाली. नाव इथं देत नाही, उगं जाहिरात वाटायची. कोड पीएचपी भाषेत आणि डेटाबेसला एसक्यूलाइट, एवढंच, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल, ती पेनड्राइव्हवर टाकली की झाला बॅकअप. माझ्या माहितीत आज नऊ जण वापरतात, त्यातला एक मीच.

सुरुवात अशी की आमच्या शाळेतले एक गुरुजी रिटायर झाल्यापासून गावोगावच्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, बघत फिरतात, स्कूटीवर, पायऱ्या मोजतात, शिलालेख दिसला तर वहीत उतरून घेतात. ते त्यांना नेटवर टाकायचं होतं पण स्क्रीनवर बटणं जास्त दिसली की ते फोनच खाली ठेवतात. म्हणलं गुरुजी, एक पाटी आणि एक बटण एवढंच असलेलं करून देतो. दिलं. त्यांनी पहिली नोंद टाकली, ‘मराठवाड्यातल्या बारवा’, आणि दहा मिनिटांत फोन, "अरे माझ्या बारवाचं हे बरव काय केलंस?" बघतो तर वरच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, ‘मरठवडयतलय-बरव’.

झालं असं की शीर्षकातून पत्ता बनवताना मी ‘अक्षरं आणि अंक सोडून बाकी सगळं उडव’ अशी एक ओळ लिहिली होती. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक चिन्हाला कोड देणारी ठरलेली यादी, तिच्या हिशोबात क, ख, ग ही ‘लेटर’, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही सगळी ‘मार्क’, वेगळा वर्ग. इंग्रजीला मार्कची गरज पडत नाही म्हणून बऱ्याच नमुना कोडमध्ये तो वर्ग नसतो, मी तिथूनच उचललेलं. मार्क वर्ग जोडला, एका ओळीचं काम. पण तोवर गुरुजींनी तो ‘बरव’ पत्ता चाळीस जणांना व्हॉट्सॲपवर पाठवलेला, मग जुना पत्ता उघडला की नव्यावर नेणारं ३०१ रिडायरेक्ट लिहावं लागलं, त्याला दोन रात्री गेल्या.

दुसरं, पहिल्या पानावर प्रत्येक नोंदीचा थोडा मजकूर दिसतो ना, तो मी १५० बाइटवर तोडत होतो. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ ह्या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं, स्पेस १ बाइटची, त्यामुळं तोड कधी अक्षराच्या मधोमध यायची आणि शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. बाइटऐवजी अक्षरं मोजायला लावली तर ‘विद्यार्थी’ चं ‘विद्यार्’ होऊन लटकायलं. शेवटी सगळं सोडून मागं मागं जाऊन शेवटच्या स्पेसवर तोडतो. त्याच्यापेक्षा हुशार उपाय आहेत, मला ठाऊक आहेत, पण हा कधी बिघडला नाही.

आता खरी अडचण. नऊतला एक शेतकरी मित्र रोजचे बाजारभाव आणि शेताच्या नोंदी टाकतो. तो म्हणतो सर्चमध्ये ‘तूर’ टाकलं की सगळ्याच नोंदी येतात. सोयाबीनच्या पण. मी टाकून बघितलं तर सातारच्या पाहुण्यांची नोंद वर आली. सर्चला एसक्यूलाइटचं एफटीएस ५, म्हणजे त्यातलीच मजकूर शोधायची सोय, लावलंय. तीन रात्री बसलो, डोकं चालंना. कुणाला काही सुचतंय का?

---

जगात_जर्मनी (परभणी), रात्री ११:५८

भौ तूर शोधली आन सातारा आलं म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला पण पश्चिम महाराष्ट्राचीच ओढ. अनुशेष तिथंबी.

मजाक सोडा, पण मला हे लई भारी वाटलं. पोरं शिकून पुण्याला जातात आन तुम्ही मोंढ्यात बसून ब्लॉगचं इंजिन लिहायलात. आमच्याकडं म्हण हायच, जगात जर्मनी भारतात परभणी, आता लातूरला पण घ्यावं लागंल त्यात. डाउनलोड कुठून करायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

अडकलेला_बीडकर (सध्या पुणे), रात्री १२:१०

भावा काम चांगलंय, पण एक प्रामाणिक प्रश्न, हे कशासाठी? ब्लॉगची तयार सॉफ्टवेअरं आहेतच की, वर्डप्रेस २००३ पासून, जेकिल २००८ पासून, ह्यूगो २०१३ पासून. ह्यूगोला तर डेटाबेस पण नको, पीएचपी पण नको, मजकूर लिहा, एक कमांड मारा, तयार पानं सर्व्हरवर टाका, हॅक व्हायला मागं काही उरतच नाही. नऊ माणसांसाठी लॉगिन, सेशन, पासवर्ड हे सगळं तू स्वतः सांभाळतोस, उद्या त्यात भोक निघालं तर गुरुजींच्या बारवांवर जुगाराच्या जाहिराती लागतील.

वाईट वाटून घेऊ नको. दिवसभर हेच बघतो म्हणून बोललो.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, सकाळी ६:५०

बीडकर, वाईट कशाचं, बरोबरच आहे तुमचं. पण गुरुजी कमांड मारणार नाहीत हो. ते बारवेच्या काठावर बसून फोनवर लिहितात आणि घरी यायच्या आत टाकून मोकळे होतात. आणि खरं सांगू का, दिवसभर दुसऱ्याचे जमाखर्च जुळवायचे, ते जुळले नाहीत तर आपण चोर, जुळले तर कुणी बघत नाही. रात्री हे एक असं आहे की माझं मला जुळवायचंय. सासरे दर दिवाळीला विचारतात "ह्याचं काय मिळतं?" मी सांगतो काही नाही, मग ते लाडू पुढं करतात.

भोकाचं म्हणाल तर ती भीती मला पण आहे, म्हणून मुद्दाम गोष्टी कमी ठेवल्यात. प्लगइन नाहीत, थीम दोनच, फोटो सोडून दुसरी फाइल चढत नाही.

---

गोदाकाठ (नांदेड), सकाळी ९:१५

मी इथं कॉलेजात शिकवते, डेटाबेसच शिकवते, म्हणून तुमचा सातारा बघून राहवलं नाही.

तुमचा पहिला बग आणि हा बग सख्खे भाऊ आहेत. एफटीएस ५ मजकुराचे शब्द पाडतं ते टोकनायझर लावून, आणि न सांगता जो मिळतो तो युनिकोड६१. तो शब्दात काय धरतो तर लेटर, अंक आणि खाजगी वापराचे कोड. मार्क धरत नाही. म्हणजे काना-मात्रा त्याच्या लेखी स्पेससारख्याच, शब्द तोडणाऱ्या. ‘तूर’ चे त्यानं दोन तुकडे केले, ‘त’ आणि ‘र’. शोधताना पण तेच तुकडे, एकापाठोपाठ ‘त’, ‘र’. आता ‘सातारा’ चे तुकडे पाडा, स, त, र. सापडलं. ‘तार’, ‘तीर’, आपलं ‘तेर’ गाव, सगळं सापडणार. आणि तुमच्या मित्राच्या प्रत्येक नोंदीत वरती ‘तारीख’ हा शब्द असेल बघा. त, र, ख. म्हणून सोयाबीन पण आलं.

लई जणांच्या लक्षात येत नाही, कारण पाहिजे ती नोंद येतेच, तिच्यासोबत नको त्या येतात. इंग्रजीत हे कधी घडत नाही.

उपाय सोपा आहे. टेबल बनवताना टोकनायझरला वर्गांची यादी देता येते, त्यात मार्कचे दोन उपवर्ग एमएन आणि एमसी वाढवा. ह्यात त्यांची चूक नाही, कागदपत्रात वर्गांची यादी स्पष्ट लिहिलेली आहे.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, दुपारी २:३०

मॅडम, दुकानात बसून वाचलं आणि उठून प्रिंटआउटवर तारीख तारीख शोधत सुटलो, मालक म्हणले काय हरवलं. खरंच प्रत्येक नोंदीत आहे. ते कागदपत्र मी चार वर्षांत तीनदा वाचलं असंल, त्या ओळीवरून नजर सरळ पुढं गेली.

वर्ग वाढवले. पण फरक नाही, सातारा अजून येतोय.

---

गोदाकाठ, दुपारी ३:०५

टेबल नवीन केलं का? टोकनायझर टेबल बनवतानाच ठरतो. नुसतं कोड बदलून जुनी अनुक्रमणिका तशीच राहते. सर्चचं टेबल पाडा, नव्यानं बनवा, सगळ्या नोंदी पुन्हा भरा. मूळ नोंदींच्या टेबलाला हात लावू नका, आणि आधी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, रात्री १०:२०

गेला! सातारा गेला! पाहुणे घरी गेले. बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणली "तूर शोधली, तूर आली, ह्यात काय नवल?" आता काय सांगावं.

---

चुलीवरची (जालना), रात्री १०:४५

मला कोडमधलं काही कळत नाही पण मी ह्या नऊ जणांतली एक आहे म्हणून लिहिते. दादा, तुम्ही माझी गोष्ट सांगितली नाही. वेळ अमावस्येच्या भज्जीची अख्खी कृती लिहिली होती, आमचं माहेर लातूरकडचं, तिकडं येळवस म्हणतात, शेतात जाऊन पांडवांची पूजा, आंबिलाचा बिंदगा, सगळं आठवून आठवून लिहिलं, मधी दूध उतू गेलं ते पुसून आले, परत लिहिलं, तासाभरानं ‘प्रकाशित करा’ दाबलं तर लॉगिनचं पान समोर. लॉगिन केलं तर पाटी कोरी. रडायलाच आलं मला. पुढं आठ दिवस हात लावला नाही त्याला.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, रात्री ११:०५

ताई सांगणारच होतो, लाज वाटली. ती चूक पूर्णपणे माझी. पीएचपीत लॉगिनची माहिती, सेशन म्हणतात ती, मुळात १४४० सेकंद धरलेली असते, म्हणजे २४ मिनिटं. त्यापेक्षा जास्त वेळ सर्व्हरशी काही बोलणं झालं नाही की ती साफसफाईत जाऊ शकते. आणि लिहिणारा माणूस तर सर्व्हरशी काही बोलतच नाही, तो लिहीत असतो. मी चाचणी घेताना ‘टेस्ट टेस्ट १२३’ लिहून दाबायचो, चार सेकंदांचं काम, माझं सेशन कधी मेलंच नाही.

आता दर दहा सेकंदाला मजकूर तुमच्या फोनच्या ब्राउझरमध्येच साठतो, नेट असो नसो, लाईट जावो. वरून दर पाच मिनिटाला पान गुपचूप सर्व्हरला हाक मारतं, त्यानं सेशन जिवंत राहतं. आणि तरी लॉगिन गेलंच तर परत आल्यावर ‘कच्चं सापडलं, पुढं लिहायचं का?’ असं विचारतं. भज्जीमुळं झालं हे सगळं, कोड बदलला की जी टीप लिहितात त्या कमिटच्या नोंदीत पण मी ‘भज्जी’ असंच लिहिलंय.

---

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई), सकाळी ७:३०

बाळांनो, कुतूहलानं सगळा धागा वाचला. ‘कच्चं सापडलं’ हे वाक्य आवडलं. ड्राफ्टला मसुदा म्हणतात सगळे, पण मसुदा म्हटलं की करारनामा डोळ्यांपुढं येतो.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, सकाळी ८:००

सर, ते मोंढ्यातलं आहे. आमच्याकडं कच्ची पावती आणि पक्की पावती असते. माल आला, काटा झाला, कच्ची. सौदा झाला, पक्की. म्हणून माझ्या सॉफ्टवेअरात नोंद एकतर ‘कच्ची’ नाहीतर ‘पक्की’. आधी भाषांतर करून ‘अप्रकाशित’ वगैरे लिहिलं होतं तर गुरुजींनी विचारलं, अप्रकाशित म्हणजे उजेड नाही का.

‘कॅन्सल’ ला ‘रद्द करा’ लिहिलेलं, ते दाबायला लोक भ्यायचे, आपलं लिहिलेलंच रद्द होतंय की काय. आता ‘राहू द्या’ आहे.

---

जगात_जर्मनी, सकाळी ८:२०

‘राहू द्या’ लईच भारी. ‘डिलीट’ ला ‘मरू द्या’ ठेवा.

बरं मी कालपासून चालवून बघायलो. एक सांगतो. मी ‘ॲप’ लिहून नोंद टाकली, मग सर्चला ‘अॅप’ टाकलं, काही नाही आलं. दिसायला दोन्ही सेम टू सेम. फोनवरून टाकलं की येतंय, कॉम्प्युटरवरून टाकलं की नाही.

---

गोदाकाठ, सकाळी १०:००

दिसायला सेम, आतून वेगळे. एकात ‘अ’ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण, असे दोन कोड, दुसऱ्यात अख्ख्या ‘ॲ’ ला एकच कोड, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचं सगळं लिखाण पहिल्या पद्धतीचं, आणि अजून बरेच कीबोर्ड तेच देतात. वाईट म्हणजे युनिकोडची जी नॉर्मलायझेशनची, म्हणजे वेगवेगळ्या कोडांत लिहिलेलं एका साच्यात आणायची, ठरलेली रीत आहे ती ह्या दोघांना एक मानत नाही, ते आपलं आपल्याला करावं लागतं.

आणि टॅलीवाले, आता तुमच्या शेतकरी मित्राला ‘शेतकऱ्यांना’ शोधायला सांगा. तो ‘ऱ्या’ पण दोन तऱ्हेनं टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढं झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह: ‘शेतकर्‍यांना’. हे न दिसणारं चिन्ह लेटर पण नाही आणि मार्क पण नाही, त्यामुळं काल वर्ग वाढवले तरी शब्द तिथं तुटणारच. सर्चला देण्याआधी हे दोन्ही एका साच्यात आणून घ्या.

---

अडकलेला_बीडकर, सकाळी १०:४०

आता मला मजा यायला लागली. ह्याच्यावरून आठवलं, वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकाचा पत्ता मधेच का तुटतो ते. पत्त्याच्या रकान्याला २०० ची मर्यादा आहे, आणि तो साठतो टक्क्याच्या चिन्हांच्या रूपात, देवनागरीचं एक अक्षर म्हणजे ३ बाइट, प्रत्येक बाइटला टक्का धरून ३ कॅरेक्टर, झाले ९. काना-मात्रा पण वेगळ्या मोजायच्या. म्हणजे बावीसेक कोडांत खेळ खल्लास, तेवढ्यात ‘मराठवाड्यातल्या बारवा’ जेमतेम बसतं. माझ्या ब्लॉगवर दहा वर्षं अर्धवट पत्ते आहेत, मी समजत होतो मीच काहीतरी चुकवलंय.

काल जरा तोंड टाकलं मी. कोड बघितला. स्वच्छ आहे भावा. पासवर्ड नीट हॅश केलेत, म्हणजे उलटे वाचता येणार नाहीत असे साठवलेत, डेटाबेसला विचारायच्या एसक्यूएलमध्ये सगळीकडं बांधलेले पॅरामीटर आहेत. फक्त थीमच्या शीर्षकांना तू लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांत जादा अंतर, दिलंय, देवनागरीत त्यानं शिरोरेघ तुटते, काढून टाक. आणि पानाला भाषा ‘मराठी’ म्हणून जाहीर कर, आता इंग्रजी लिहिलेलंय. नोटो सारख्या फॉन्टात मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळा दिलेला असतो, तो भाषा सांगितल्याशिवाय दिसत नाही, हिंदी वळणाचाच दिसतो. दोन्हीचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवतो रात्री.

---

निवृत्त_मास्तर, सकाळी ११:३०

‘ल’ चा मुद्दा लाख मोलाचा. मराठी वळणाचा ल आणि श मी पस्तीस वर्षं फळ्यावर गिरवून घेतला.

चाचणीसाठी शब्द हवे असतील तर देतो: वाङ्मय, दऱ्याखोऱ्यांतून, हृषीकेश, स्त्रियांच्या, उद्गार, कित्येक, ज्ञानेश्वरी, अॅडव्होकेट. शिवाय गावांची नावं घ्या, उदगीर कुणी उद्गीर लिहितं, आमचं गाव कुणी अंबाजोगाई तर कुणी अंबेजोगाई.

---

जगात_जर्मनी, दुपारी १२:१०

सर गावाच्या नावाचं तर वेगळंच. मी ‘धाराशिव’ शोधलं तर २०२३ च्या आधीच्या नोंदी येईनात, त्यात ‘उस्मानाबाद’ हाय. ते पण करा.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, रात्री १०:५०

केलं. समान नावांची एक छोटी यादी ठेवलीय साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, ज्यानं त्यानं आपापल्या ब्लॉगपुरती भरायची. जुन्या नोंदीत लिहिलेलं मी बदलत नाही, लिहिणाऱ्यानं जे लिहिलं ते तसंच राहणार, फक्त सर्चला दोन्ही कळतं.

मास्तर सर, तुमचे शब्द चाचणीत टाकले, प्रत्येक नवीन आवृत्तीच्या आधी ते सगळे चालवतो आता. ‘दऱ्याखोऱ्यांतून’ नं पहिल्याच फेरीत पाडलं मला.

अजून एक केलंय, सर रागावणार, पण सांगतो. ‘तूर’ शोधलं की ‘तुरीचे भाव’, ‘तुरीला’ येत नव्हतं. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधायची सोय आहे, पण मराठीत सामान्यरूप होताना ‘तू’ चा ‘तु’ होतो ना, सुरुवातच बदलते. तर सर्चच्या अनुक्रमणिकेत मी ऱ्हस्व-दीर्घ एकच करून टाकलेत.

---

निवृत्त_मास्तर, दुसऱ्या दिवशी सकाळी ६:१५

रागावलोच. ‘दिन’ आणि ‘दीन’ तू एक केलेस. शिक्षक दिन शोधणाऱ्याला शिक्षक दीन सापडेल.

---

जगात_जर्मनी, सकाळी ७:४०

सर, विनाअनुदानित शाळेत ते एकच हाय.

---

निवृत्त_मास्तर, सकाळी ८:०५

ह्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

पानावर मजकूर लिहिला तसाच दिसणार असेल आणि ही गल्लत फक्त शोधण्यापुरती असेल तर माझी हरकत मागे. चुकीचं शुद्धलेखन करणाऱ्यालाही त्याची वही सापडली पाहिजे. पण अचूक जुळणारं आधी दाखव.

---

चुलीवरची, सकाळी ९:३०

दादा, ह्या सगळ्यात फोटोचं विसरू नका. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, आमच्याकडं संध्याकाळी नेट असं चालतं की फोटो चढेस्तोवर भाकरी होते. चढवायच्या आधी फोनमध्येच बारीक करता येईल का? आणि एक बाई मला विचारत होत्या, त्यांना पण लोणच्याचं लिहायचंय, त्यांना देऊ का हे?

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, दुपारी १:४५

ताई द्या की, तुम्हाला विचारायची गरजच नाही, तेच तर ओपन सोर्स. फोटोचं लिहून घेतलं, ब्राउझरमध्येच आधी छोटा करून मग पाठवायचा, जमतं ते.

लायसन्सचं जगात_जर्मनीनं व्यनित विचारलंय म्हणून इथंच सांगतो. जीपीएल ठेवलंय, म्हणजे कुणीही कोड घ्यावा, बदलावा, पुढं द्यावा, पण त्याच अटीवर. वर्डप्रेस आलं कुठून बघा, बी२ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं, मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या माणसानं लिहिलेलं, त्याचं काम थांबलं. वापरणाऱ्यांतले दोघं, मॅट मुलनवेग आणि माइक लिटल, त्यांनी तोच कोड उचलून पुढं नेला आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. जीपीएल होतं म्हणून कुणाची परवानगी मागत बसावं लागलं नाही. माझं तेवढं मोठं व्हावं असं काही नाही, पण उद्या मला टॅलीतून वेळ मिळेनासा झाला तर गुरुजींच्या बारवा कुणीतरी पुढं सांभाळू शकावं.

त्यावरून एक. मागच्या महिन्यात एक अनोळखी माणूस मेलवर आला, लई गोड बोलतो, तीन-चार बारीक दुरुस्त्या पाठवल्या, आता म्हणतो तुम्ही थकलेले दिसता, मला थेट कोड टाकायचे अधिकार द्या. मनात आलं होतं द्यावे, खरंच थकायला होतं.

---

गोदाकाठ, दुपारी ४:१०

देऊ नका. निदान लगेच देऊ नका. एक्सझेडचं प्रकरण आठवा, मी वर्गात दरवर्षी सांगते. फाइली दाबून लहान करणारी साधी लायब्ररी, एकच माणूस फावल्या वेळात सांभाळणारा. एक जण आला, दोन वर्षं नीट काम करून विश्वास कमावला, इतर नावांनी मेल येत राहिले की तुम्हाला झेपत नाही, दुसऱ्याला द्या. दिलं. मग ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरदरवाजा. मार्च २०२४ मध्ये सापडला तो पण आंद्रेस फ्रॉइंड ह्या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला म्हणून.

तुमचा माणूस चांगलाही असेल. त्याला म्हणा पॅच पाठवत राहा, मी वाचून घेईन. चांगला असेल तर त्याला चालेल.

---

अडकलेला_बीडकर, सायंकाळी ७:००

मॅडमला अनुमोदन. आणि थकला असशील तर सांग ना भावा, मी आठवड्यातून एक रात्र देतो. येणारे पॅच मी पण वाचतो, दोघांनी बघितल्याशिवाय काही आत जाणार नाही असं लावून टाक. बायको म्हणते तू घरी येऊन परत तेच करणार का. म्हणलं हे गावचं आहे.

---

मोंढ्यातला_टॅलीवाला, रात्री ११:३०

बीडकर, लावलं. तुमचं पहिलं काम, माझाच कालचा पॅच वाचा. त्या मेलवाल्याला कळवलं, अजून उत्तर नाही.

‘ल’ आता मराठी दिसायलाय. गुरुजींना फोनवर सांगितलं तर म्हणले "आधी पण ल च होता की." मास्तर सर, तुम्हीच बोला त्यांच्याशी.

आणि नवीन आवृत्ती शेतकरी मित्राला दिली. त्यानं ‘तूर’ टाकलं. तूर आली, तुरी आल्या, तुरीला भाव आला, आणि खाली चौथ्या नंबरला ‘तुरुंग’. ऱ्हस्व-दीर्घ एक केल्यावर दोघांची सुरुवात ‘तुर’ च. त्यानं कुठल्याशा कर्जाच्या नोंदीत लिहिलेलं. फोन करून हसत होता, म्हणला सर्च चुकीचं नाही, क्रम बरोबर लावलाय.

उद्या बघतो. मास्तरांनी सांगितलेलं अचूक-आधी अजून नीट बसलेलं नाही. उद्या आवक जास्त आहे, रात्री उशीर होईल.